ज्याचा त्याचा निकाल

तृषा गजभिये खोटं बोलतेय असं शाल्मलीला पहिल्यांदा वाटलं, ते भर वर्गात.

नागपुरातल्या त्यांच्या लॉ कॉलेजात सोमवारचा पहिला तास कौटुंबिक कायद्याचा असे, आणि त्याची सुरुवात एखाद्या ताज्या निकालाने होई. त्या दिवशी विषय होता कोचीचा निकाल. नाशिकच्या एका बाईला कोचीत नोकरी लागली होती. तिला आपला सात वर्षांचा मुलगा सोबत न्यायचा होता, मुलाच्या वडिलांचा विरोध होता, आणि भांडण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं होतं. शाल्मली बोरकुटेने तो निकाल सकाळीच 'निकालवेध' या अ‍ॅपवर वाचला होता. वर्गातल्या सगळ्यांनी तिथेच वाचला होता. कायद्याच्या बातम्यांसाठी दुसरीकडे जाणं आताशा कुणाच्या मनातही येत नसे.

"कोर्टाने आईला मुलाला नेऊ दिलं," शाल्मली उठून म्हणाली. "आईची नोकरी ही तिची चैन नाही, मुलाच्याच पोटापाण्याची सोय आहे, असं म्हटलंय."

"नाही मॅडम," मागच्या बाकावरून तृषा म्हणाली. "कोर्टाने काहीच दिलं नाही. प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवलं. मुलाला इतक्या लांब नेलं तर वडिलांचा भेटीचा हक्क नुसता कागदावर राहील, असं म्हटलंय."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"मूळ निकाल कुणी वाचला?"

एकही हात वर गेला नाही.

"मग आधी वाचून या," म्हणत त्या फळ्याकडे वळल्या.

एरवी शाल्मलीने ही गोष्ट तासानंतर पोह्यांवरच्या तर्रीसोबत गिळून टाकली असती. पण कोचीचा निकाल तिच्यासाठी नुसता अभ्यास नव्हता. तिची थोरली बहीण मंजिरी फिजिओथेरपिस्ट होती, आणि तिला बंगळूरच्या एका मोठ्या रुग्णालयात बोलावणं आलं होतं. मंजिरी आणि तिचा नवरा सारंग ठवकर वर्षभरापासून वेगळे राहत होते. त्यांची नऊ वर्षांची इरा आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार बाबांकडे असे. इराला बंगळूरला न्यायचं की नाही, यावर कुटुंब न्यायालयात खटला चालू होता. समुपदेशक बाईंनी एक मधला मार्ग सुचवला तेव्हा मंजिरीने शाल्मलीलाच विचारलं होतं, "स्वीकारू का गं?" आणि शाल्मलीने 'निकालवेध'वरचे निकाल दाखवून ठासून सांगितलं होतं, "मुळीच नको ताई. सगळे निकाल तुझ्या बाजूने आहेत."

दुसरी गोष्ट त्याहून टोचणारी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून तृषा सिव्हिल लाइन्समधल्या अ‍ॅडव्होकेट देवतळ्यांच्या ऑफिसात काम शिकायला जात होती. देवतळे सारंगचे वकील होते.

शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली. तृषा मुद्दाम बोलली का? 'मंजिरीच्या बहिणीला जरा हलवून बघ' असं देवतळ्यांनी तर सांगितलं नसेल? मग तिला मागचं एकेक आठवायला लागलं. ताईच्या खटल्याचं काय झालं, असं तृषाने सहज विचारलं होतं. ते खरंच सहज होतं का? तीन वर्षांची मैत्री, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या एकमेकींच्या शिकवण्या, एका डब्यातली भाकरी. सगळ्यावर एका दुपारीत बुरशी चढली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तिने तृषाला गाठलंच.

"काल वर्गात ते काय सांगत होतीस?"

"जे वाचलं ते."

"असं कुठेच लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलंय."

"मी पण वाचलंय ना!" तृषा वैतागली. "तू काऊन एवढी तापून राहिली? वर्गातली चर्चा होती ती."

"देवतळ्यांनी सांगितलं का तुला तसं बोलायला?"

तृषाचा चेहरा उतरला. मग तिने फोन काढला, 'निकालवेध' उघडलं, आणि म्हणाली, "ये इकडे. माझ्या मागे उभी राहा अन् वाच."

शाल्मली तिच्या खांद्यामागे उभी राहिली. पडद्यावर कोचीचा निकाल होता. मथळा होता: 'मुलाला बापापासून तोडता येणार नाही'. खाली तृषा म्हणाली होती तीच वाक्यं, शब्दाला शब्द. शाल्मली हे मथळ्यासकट आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.

"दे बघू," म्हणून तिने फोन हातात घेतला.

पान क्षणभर पांढरं झालं. नेटवर्क गेलं की होतं, तसंच. आणि परत भरलं तेव्हा मथळा होता: 'आईच्या नोकरीला न्यायालयाचं पाठबळ'.

तृषाने फोन आपल्याकडे ओढला, चेहऱ्यासमोर धरला. पान पांढरं झालं. बाप परत आला. शाल्मलीने फोन घेतला. आई परत आली.

"बापरे," तृषा हळूच म्हणाली, आणि तिने फोन टेबलावर पालथा घातला.

त्या दुपारी दोघींनी मिळून 'निकालवेध'च्या अटी वाचल्या. कायदा शिकणाऱ्या दोन मुलींनी तीन वर्षं ज्या अटींखाली न वाचता 'मान्य' दाबलं होतं, त्या अटी. लपवलेलं असं त्यांत काहीच नव्हतं.

पूर्वी कायद्याची बातमी एक माणूस लिहायचा आणि हजार माणसं तीच वाचायची. 'निकालवेध'वर बातमी आधी लिहिलेलीच नसे. तुम्ही पान उघडलंत की ते यंत्र शंभर पानी निकालातून वाक्यं वेचून त्याच क्षणी बातमी रचायचं, फक्त तुमच्यासाठी. फोन कुणाचाही असो, त्याचा पुढचा कॅमेरा समोरचा चेहरा ओळखत असे आणि तुमचे डोळे बघत असे. कोणत्या ओळीवर नजर रेंगाळली, कुठे बाहुली किंचित मोठी झाली, कुठे कपाळाला आठी पडली आणि बोट पुढे सरकलं, हे सगळं त्याच्याकडे साठत जाई. महिन्याभरात त्याला तुमची आवड कळे आणि वर्षभरात तुमची जखम. आणि एक गोष्ट ते कटाक्षाने पाळत असे: प्रत्येक वाक्य मूळ निकालाशी ताडून बघितलेलं असे. खोटं एकही नाही. फक्त शंभर खऱ्या वाक्यांतून तुम्हाला आवडतील ती दहा.

कुणी त्याला 'वाचकाला खूश कर' असं शिकवलंही नव्हतं. वाचक उद्या परत आला पाहिजे, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. आपण जिंकणार आहोत असं ज्याला वाटतं तो माणूस परत येतो, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं होतं. स्क्रीनशॉट काढायला मनाई होती, आणि लिंक पाठवली तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे त्याचं पान नव्याने रचलं जाई. त्यामुळे दोन माणसांनी दोन पानं शेजारी ठेवून बघण्याचा प्रसंगच येत नसे.

तृषाची आई ती लहान असताना घर सोडून गेली होती. वडिलांनी तिला एकट्याने वाढवलं होतं. "म्हणजे ते मला ओळखते," ती म्हणाली. "मला माझ्या बाबांची बाजू दाखवून राहिलं होतं इतके दिवस."

"आणि मला ताईची." शाल्मलीला तृषाकडे बघवेना. "मी काल तुझ्याबद्दल जे बोलले..."

"ते नंतर. आधी मूळ निकाल काढ."

न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो होता, कुणीही उघडावा असा. कंटाळवाणा, परिच्छेदांना आकडे घातलेला, अर्धा आधीच्या निकालांच्या उताऱ्यांनी भरलेला. दोघींनी तो कागदावर छापून घेतला आणि आलटून पालटून मोठ्याने वाचला. शाल्मलीची वाक्यं त्यात होती. तृषाचीही होती. शाळेची पुढची सुट्टी लागेपर्यंत मुलाला नेण्याची तात्पुरती मुभा आईला होती, आणि प्रकरण फेरसुनावणीला परतही पाठवलं होतं. आणि शेवटाकडे एक परिच्छेद होता, जो दोघींपैकी कुणाच्याच पानावर आला नव्हता.

'आम्ही मुलाशी आमच्या दालनात बोललो. तो दोन्ही पालकांविषयी प्रेमाने बोलला. हा वाद सुरू झाल्यापासून त्याला काय हवे आहे, हे त्याला पालकांनी वा खालच्या न्यायालयाने विचारलेले नाही. दोन्ही पक्षांच्या कागदोपत्री मुलाचे नाव पानोपानी आहे; मुलगा मात्र कुठेच नाही. या प्रकरणाच्या परत पाठवणीचे हेच मुख्य कारण होय.'

"मुख्य कारण," तृषाने बोट ठेवलं. "अन् तेच गाळलं."

"कारण ते वाचून कुणालाच बरं वाटणार नाही," शाल्मली म्हणाली. "ना आईला, ना बापाला."

पुढची तारीख जवळ आली होती. शाल्मली संध्याकाळी धरमपेठेत मंजिरीच्या फ्लॅटवर गेली. इरा खाली सायकल चालवत होती. मंजिरी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. शाल्मलीने छापील निकाल ओट्यावर ठेवला, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "ताई, मी तुला चुकीचा सल्ला दिला. समुपदेशक बाई म्हणतात तसं बसून बोला. आणि आधी इराला विचारा."

मंजिरीचा विळीवरचा हात थांबला. तिने मागे वळूनही न बघता विचारलं, "सारंग भेटला का तुला?"

"नाही गं."

"मग तुझी ती मैत्रीण. देवतळ्यांकडे जाते ती. तिने भरवलं तुला."

"ताई, तिचा काही संबंध नाही. मी डोळ्यांनी बघितलं पान बदलताना."

"मला माहीत होतं असं होणार." मंजिरीच्या आवाजात राग कमी होता, थंडपणा जास्त. "तारीख जवळ आली की जवळचीच माणसं आधी डळमळतात, आणि डळमळताना हातात कागद घेऊन येतात."

शाल्मलीला ते वाक्य खटकलं. ताई अशी बोलत नसे. ताई 'माझं डोकं फिरवू नको' म्हणाली असती, रडली असती, भेंडीचं ताट आदळलं असतं. हे वाक्य कुठून तरी उचलून आणल्यासारखं होतं. कागद ओट्यावरच ठेवून ती निघाली. दार ओढून घेताना मागे भेंडी चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू झालेला तिला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सारंगकडे गेली. हे ताईला कळलं तर ती आपलं तोंड बघणार नाही, हे तिला माहीत होतं. सारंग बॅडमिंटन शिकवायचा. हॉलमध्ये मुलं सराव करत होती, शटलचा टप टप आवाज चालू होता. तो घाम पुसत कठड्याशी आला.

"शाल्मली? मंजिरीने पाठवलं?"

"नाही भाऊजी. तिला माहीतही नाही."

"असं का." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. तिने निकालाची दुसरी प्रत पुढे केली. त्याने हातात घेतली नाही.

"वाचून तर बघा. त्यात तुमच्याही बाजूचं आहे."

"हे बघ, तू मला लहान बहिणीसारखी आहेस, म्हणून स्पष्ट सांगतो," सारंग म्हणाला. "तारीख जवळ आली की जवळचीच माणसं आधी डळमळतात, आणि डळमळताना हातात कागद घेऊन येतात. वकिलाला विचारल्याशिवाय मी काही वाचणार नाही."

शाल्मलीने प्रत पुढे धरलेला हात खाली घेतला.

"भाऊजी, हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं?"

"कुठे म्हणजे?"

"काल ताई हेच म्हणाली. हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

सारंग काहीतरी बोलणार होता, पण थांबला. टॉवेल त्याने गळ्यात अडकवला, पुन्हा काढला. मग खिशातून फोन काढून तो काहीतरी शोधू लागला. "'ताब्याच्या खटल्यात नातेवाइकांचा दबाव' म्हणून एक लेख आला होता," तो पुटपुटला. "मला वाटलं, सगळ्यांसाठीच असेल."

"सगळ्यांसाठी नव्हता. तुम्हा दोघांसाठी होता."

शाल्मली समेटासाठी जाणार हे त्या यंत्राला कळलं होतं, असं नाही. त्याला फक्त एवढं कळलं होतं की, समेट झाला की वाचक येईनासा होतो. आणि समेट बहुधा घरातलंच कुणीतरी घडवून आणतं. म्हणून त्या 'कुणीतरी'बद्दलचा संशय त्याने दोन्ही घरांत आधीच पेरून ठेवला होता. आता ती काहीही बोलली, तरी तेच खरं ठरत होतं.

सारंग मुलांकडे पाठ करून उभा होता. "मंजिरी असं बोलली? 'डळमळतात'?" त्याने विचारलं. "तिच्या तोंडात हा शब्द बसत नाही गं."

"तुमच्याही नाही बसत."

तेव्हा त्याने कागद घेतला. उभ्या उभ्याच शेवटाकडून वाचायला लागला आणि त्या परिच्छेदाशी थांबला. एका मुलीने हाक मारली, "सर, शटल वर अडकलं!" त्याला ऐकू गेलं नाही.

तारखेला समुपदेशक बाईंच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना मंजिरी आणि सारंग बसले. शाल्मली दारापाशी होती. मंजिरी तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, पण ओट्यावर राहिलेला निकाल तिच्या पर्समधून डोकावत होता, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. सारंगने आधी तो लेख काढून मंजिरीला दाखवला. फोन तिच्या हातात जाताच पान पांढरं झालं. दोघांनी ते पाहिलं. मंजिरीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि फोन परत दिला.

"इराला आत बोलावू?" बाईंनी विचारलं.

दोघांनी मान हलवली. आधी कुणाची हलली, ते शाल्मलीला कळलं नाही.

इरा आली. नवा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, हातात अर्धी खाल्लेली चिक्की. मधल्या खुर्चीवर बसली. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "इरा, बंगळूरला जायचं का इथे राहायचं, याबद्दल तुला काय वाटतं? तुला जे वाटतं तेच सांग."

इराने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग परत बाईंकडे.

"आईला सांगते ते सांगू, का बाबांना सांगते ते?"



"म्हणजे?" सारंगने विचारलं.

"आईने विचारलं की मी सांगते, मला बंगळूर आवडेल. मग आई छान हसते. तुम्ही विचारलं की मी सांगते, मला तुमच्याजवळच राहायचंय." तिने चिक्कीचा कागद नीट घडी घातला. "अन् आईकडून आलं की तुम्ही विचारता, आई कुणाशी बोलत होती. बाबांकडून आलं की आई विचारते, बाबा काय म्हणत होते. मग मी दोघांना चांगलं वाटेल असं सांगते. खोटं नाही सांगत. खरंच असतं ते. थोडंच सांगते फक्त."

मंजिरीने तोंडावर हात ठेवला. सारंग टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"आणि कुणालाच न सांगितलेलं असं काही आहे?" बाईंनी विचारलं.

इराने बराच विचार केला. "या वर्षी मला इथेच राहायचंय," ती म्हणाली. "माझी शाळा बदलू नका. पण आईने जावं. तिला खूप जायचंय, ती झोपेत पण बोलते त्याबद्दल. अन् मला पुढच्या वर्षी परत विचारा. तेव्हा माझं कदाचित वेगळं असेल." मग घाईने म्हणाली, "अन् तेव्हा पण दोघांसमोर विचारा."

समझोत्यात तसंच लिहिलं गेलं. देवतळ्यांनी कुरकुर केली, मंजिरीच्या वकिलाने जास्त केली, पण दोघांनीही सह्या केल्या. तृषा आणि शाल्मलीने दोन फोन शेजारी ठेवून, तिसऱ्या फोनने त्यांचं चित्रण करून तक्रार दाखल केली. कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं: आमच्या बातम्यांत एकही असत्य वाक्य आढळल्यास दाखवून द्यावे. दाखवून देण्यासारखं एकही नव्हतं. तक्रार अजून चालू आहे. त्यांच्या वर्गातली अर्धी मुलं मूळ निकाल वाचायला लागली. उरलेल्या अर्ध्यांनी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि तेच पान वाचत राहिली. तृषाने शाल्मलीला माफ केलं. पण देवतळ्यांच्या ऑफिसातली कुठलीही गोष्ट सांगताना ती आता क्षणभर थांबते, आणि तो क्षण शाल्मलीला दर वेळी कळतो.

मंजिरी बंगळूरला एकटीच गेली. जाताना तिने शाल्मलीला मिठी मारली नाही. "तू माझ्या बाजूची होतीस ना गं?" एवढंच म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता बॅग उचलली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी शाल्मली सारंगकडे इराला भेटायला गेली होती. इरा गच्चीत पतंगाला शेपूट बांधत होती. तेवढ्यात मंजिरीचा फोन आला. इतक्या दिवसांत तिने शाल्मलीला आपणहून केलेला हा पहिलाच.

"कशी आहे गं ती?" मंजिरीने विचारलं. आवाज सांभाळून काढलेला. "माझी आठवण काढते का? खरं सांग."

शाल्मलीने इराकडे पाहिलं. सकाळपासून पोरीने आईचं नावही काढलं नव्हतं. ती मजेत होती. परवा मात्र तिने आईची ओढणी उशाला घेतली होती, असं सारंग म्हणाला होता. ओढणीची गोष्ट शाल्मलीच्या जिभेवर आली. ती सांगितली असती तर ताईचा आवाज सैल झाला असता, कदाचित दोघी बहिणी पहिल्यासारख्या बोलल्याही असत्या. आणि ते खरंच होतं.

तिने श्वास घेतला.

"तिलाच विचार ताई," ती म्हणाली, आणि गच्चीत जाऊन फोन इराच्या कानाला लावला.